भुगा बाहेर आला पाहिजे

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या डोणगाव येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन महिन्यांपूर्वी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "प्रत्येकानं आपण काय काम करतो ते सांगायचं आहे. तू काय करतोस?" मी म्हणालो, "मी भोकं पाडतो." पलीकडं हसू फुटलं. "मस्करी नको करू बे, छापायचं आहे." मस्करी नव्हती. आपल्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी शिक्षक झाले, कोणी एसटीत आहेत, बरेच जण घरची शेती सांभाळतात. मी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं स्टेनलेस स्टीलमध्ये बारीक आणि खोल भोकं पाडतो. त्यावर माझं घर चालतं, आणि माझ्याबरोबर आणखी नऊ जणांची घरं चालतात. तेव्हा त्याच भोकांबद्दल बोलतो.

सुरुवात मात्र गावातूनच करावी लागेल. आपण नववीत होतो तेव्हा आमच्या वावरात बोअर घेतली होती. गाडी आली ती रात्री. शाळेत झोपा काढायला नको म्हणून आई ओरडत होती, पण मी रात्रभर धुऱ्यावर बसून होतो. आपला सगळा दगड काळा, म्हणजे बेसॉल्ट. त्यात तो हातोडा ठाण ठाण करत खाली जायचा आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं दगडाचा भुगा फवाऱ्यासारखा वर यायचा. मी गाडीवाल्याला विचारलं, "एवढा कडक दगड कसा काय फुटते?" तो म्हणाला, "दगड नाही अडवत पोरा, भुगा अडवतो. भुगा वर नाही आला त रॉड आतच फसते." दोनशे ऐंशी फुटांवर वडलांनी हात जोडले. पैसे संपले होते आणि पाणी लागलं नव्हतं. घरासाठी ती रात्र वाईट होती. मला मात्र माझ्या धंद्याचा पहिला धडा तिथंच मिळाला. तो कळायला पुढं सात वर्षं लागली.

दहावीनंतर आयटीआयला टर्नर ट्रेड केला. मग डोणगावच्या स्टँडवरून एसटीत बसलो आणि मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत औरंगाबाद गाठलं. आता त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. वाळूजच्या एमआयडीसीत आधी अप्रेंटिस म्हणून लागलो, मग एका कारखान्यात टेम्पररी ऑपरेटर झालो.

आता मुद्द्यावर येतो. खोल भोक म्हणजे किती खोल? आमच्याकडं खोली फुटांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगून भागत नाही. खोलीला व्यासानं भागायचं. भोक तीन मिलिमीटरचं आणि खोली नऊ मिलिमीटर असेल तर ते तीन पट झालं. ते कोणीही पाडेल. दहा पटीच्या पुढं गेलं की आम्ही त्याला खोल म्हणतो. तीन मिलिमीटर व्यास आणि शंभर मिलिमीटर खोली, म्हणजे तेहतीस पट झाली, की रात्रीची झोप उडते. या हिशेबानं आमच्या वावरातली साडेसहा इंची, दोनशे ऐंशी फुटांची बोअर पाचशे पटीच्या वर जाते. म्हणजे बोअरवाले आमचे गुरूच. कोयनेजवळ गोठणे गावात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण केली. आपल्या शेजारचं लोणार उल्केच्या आघातानं झालं, याचे मोठे पुरावे १९७० च्या दशकात तळात बोअर घेऊनच मिळाले. त्या लोकांपुढं मी फार लहान कामगार आहे.

मग अडचण कुठं आहे? ती स्टेनलेसच्या स्वभावात आहे.

आपल्या घरात हे स्टील रोज हाताळलं जातं, म्हणून सांगतो. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळं पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि गंज लागत नाही. गंमत अशी की या स्टीलचा जन्मही भोकाशीच जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचे तज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी भरपूर क्रोमियमचं स्टील ओतलं आणि ते गंजत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. साधारण त्याच काळात जर्मनीत क्रुप कंपनीत निकेल घातलेली जात तयार झाली. आपली चांगली भांडी आणि माझे जॉब त्या घराण्यातले.

या घराण्याचा पहिला दोष, ते चिडतं. तुम्ही त्याला नुसतं घासलं, दाबलं, तर तेवढी जागा आणखी कडक होते. घरी करून पाहा. अठरा-आठच्या चांगल्या डब्याच्या सपाट भागाला चुंबक चिकटत नाही, पण जिथं काठ दुमडलेला असतो तिथं बरेचदा थोडी ओढ लागते. दुमडताना त्या जागेची आतली रचनाच बदललेली असते. ड्रिलच्या टोकाखालीही हेच होतं. ड्रिल कापायचं सोडून क्षणभर जरी नुसतं घासत राहिलं, तरी तळाला कडक कातडी तयार होते. मग पुढचा प्रत्येक फेरा त्या कातडीशी भांडण्यात जातो.

दुसरा दोष, उष्णता धरून ठेवतं. साध्या लोखंडातून उष्णता जेवढी पटकन पसरते त्याच्या जेमतेम एक तृतीयांश या स्टीलमधून पसरते. त्यामुळं सगळी धग ड्रिलच्या धारेवर बसते. घर्षणातून उष्णता निर्माण होते हे सरांनी आपल्याला तळहात घासायला लावून शिकवलं होतं. काउंट रमफर्ड यांनी १७९८ मध्ये लेख लिहून याचाच प्रयोग मांडला होता. म्युनिकला तोफेच्या नळीला भोक पाडताना त्यांनी ती पाण्यात ठेवली आणि बोथट हत्यार फिरवत राहिले. अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळलं. सर, तुमचा तो तास मला वर्गात कळला नव्हता. पहिलं ड्रिल निळं पडलं तेव्हा कळला.

तिसरा दोष, चिवटपणा. बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो. स्टेनलेसचा कीस शेवयांसारखा लांबच लांब निघतो. तीन मिलिमीटरच्या भोकात ड्रिलच्या खाचेतून अशी शेवई वर यायला जागा किती? ती गुंडाळली जाते, दाटते, आणि ड्रिल आत तुटतं. तुटलेला तुकडा काढणं हे नवं भोक पाडण्याहून अवघड असतं. त्यासाठी विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं वेगळं यंत्र वापरावं लागतं.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी घराबाहेर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

२००० सालची गोष्ट आहे. औषधं बाटल्यांत भरणाऱ्या यंत्राचं काम आमच्याकडं आलं होतं. ३१६ एल जातीच्या स्टेनलेसचे बारा ठोकळे, प्रत्येकात तीन मिलिमीटरची, शंभर मिलिमीटर आरपार, चार भोकं. एकूण अठ्ठेचाळीस. त्या भोकांतून औषध जाणार होतं. मला रात्रपाळी होती. तोवर मी साध्या लोखंडावरच काम केलेलं. त्याच सवयीनं तीन हजार फेऱ्यांवर ड्रिल लावलं. पहिल्या तासात दोन ड्रिल जळाली, तिसरं आत तुटलं. पहाटे तीनपर्यंत लांब ड्रिल संपत आली. सकाळी काम दाखवायचं होतं आणि माझी नोकरी टेम्पररी.

मग मी युक्ती केली. भोक एका बाजूनं पन्नास मिलिमीटर पाडलं, ठोकळा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं पन्नास. अर्धी खोली म्हणजे अर्धा त्रास. बारीक तार घालून पाहिली, आरपार गेली. दोन्ही तोंडांना गेज बरोबर बसलं. पण ड्रिल कधीच अगदी सरळ जात नाही, थोडं भरकटतं. दोन्हीकडून आलेली भोकं मध्यभागी तंतोतंत भेटत नाहीत. तिथं पाव मिलिमीटरची पायरी राहिली होती. मला ते माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, आत कोण पाहतंय?

इन्स्पेक्शननं तोंडं मोजली आणि माल गेला. तीन आठवड्यांनी परत आला. यंत्र धुतल्यावरही त्या पायरीशी थेंब अडकून राहत होता. आधीच्या औषधाचा अंश पुढच्या औषधात जाऊ शकत होता. ज्यांनी यंत्र घेतलं होतं त्यांनी ते वापरायच्या आधीच तपासून पकडलं म्हणून बरं. कोणाच्या पोटात काही गेलं नाही. पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. नुसतं "औषधात अवशेष" एवढे शब्द कानावर आले आणि माझे पाय लटपटले.

जॉबकार्डावर शेवटची सही दिवसपाळीच्या काकांची होती. गंगापूरकडचे वयस्कर ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. फिनिशिंग त्यांनी केलेलं, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांनाच झापलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ठोकळा हातात घेतला, तार आत घातली, मध्यावर आली तेव्हा बोटांनी थोडी फिरवली, आणि ठोकळा खाली ठेवला. मी पाच फुटांवर उभा होतो.

दोन दिवस मी गप्प राहिलो. डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो. तिसऱ्या दिवशी साहेबांकडं जाऊन सांगितलं. बारा ठोकळ्यांचं मटेरियल भंगारात गेलं होतं. मला वाटलं, आता डोणगावची एसटी. नोकरी गेली नाही, पण पगारवाढ वर्षभर थांबली. संध्याकाळी काकांकडं गेलो. म्हणालो, "काका, तुम्हाला कळलं होतं ना?" म्हणाले, "तार फिरवली तेव्हाच." "मग बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "मला दोनच वर्षं काढायची आहेत. तुझी पूर्ण नोकरी पुढं आहे. पण तू आला नसतास, तर तुला शिकवलं नसतं."

नवा माल आला आणि अठ्ठेचाळीस भोकं मी पुन्हा पाडली, यावेळी काका शेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी शिकवलेलं आजही जसंच्या तसं चालतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिलं, घाई नाही. त्यांनी मला कागदावर हिशेब करायला लावला. ड्रिलचा परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास, ३.१४ गुणिले ३, म्हणजे ९.४२ मिलिमीटर. या स्टीलमध्ये त्या ड्रिलची धार मिनिटाला साधारण बारा मीटर चालावी. बारा हजार मिलिमीटर भागिले ९.४२, म्हणजे सुमारे १२७० फेरे. मी तीन हजारावर पळवत होतो! परिघाचं सूत्र कशाला पाठ करायचं, असं आपण गणिताच्या सरांना विचारायचो. सर, उशिरा का होईना, उत्तर मिळालं.

दुसरं, ड्रिल घासू द्यायचं नाही. फेरे कमी ठेवायचे, पण पुढं ढकलणं ठाम हवं. प्रत्येक फेऱ्याला चार शतांश मिलिमीटर तरी पुढं गेलंच पाहिजे. भीत भीत हात हलका केला की कडक कातडी तयार झालीच.

तिसरं, सुरुवात सरळ. आधी आखूड, जाड दांड्याच्या ड्रिलनं सात-आठ मिलिमीटरचं वाट दाखवणारं भोक पाडायचं, मग मधलं, मग लांब. पहिलेच लांब ड्रिल लावलं की ते वेताच्या काठीसारखं वाकतं. टोकाचा कोन नेहमीच्या ११८ अंशांऐवजी १३५ करायचा आणि मधली जाडी दगडावर घासून कमी करायची, म्हणजे टोक जागेवर नाचत नाही.

चौथं, भुगा. दीड मिलिमीटर आत गेलं की ड्रिल पूर्ण बाहेर काढायचं, कुंचल्यानं कीस झटकायचा, तेल द्यायचं, पुन्हा आत. काका म्हणाले, "ड्रिल स्टीलनं तुटत नाही रे, कचऱ्यानं तुटतं." मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. धुऱ्यावरचा बोअरवाला हेच तर म्हणाला होता.

पाचवं, चार भोकांनंतर ड्रिल बदलायचं, धार चांगली दिसली तरी. वाचलेल्या ड्रिलपेक्षा बिघडलेला ठोकळा महाग पडतो.

चार पाळ्या लागल्या. दोन ड्रिल तुटली, तीही नशिबानं बाहेरच्या बाजूला. शेवटी २.९ मिलिमीटरची लांब पिन प्रत्येक भोकात वरून सोडली. ती आपल्या वजनानं सरकत खाली आली आणि खालच्या कापडावर पडली. अठ्ठेचाळीस वेळा. पुढच्या वर्षी पगारवाढ मिळाली तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

पुढं चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये एक छोटा कोर्स केला आणि २०११ मध्ये भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं जॉबवर्क सुरू केलं. आज आमच्याकडं गन ड्रिलिंगचं यंत्र आहे, बँकेच्या हप्त्यांसकट. नावाप्रमाणं ही पद्धत बंदुकीच्या नळ्यांसाठी निघाली. या ड्रिलला एकच धार असते. दांड्याच्या आतून बारीक नळी जाते आणि तिच्यातून तेल थेट धारेपर्यंत पोचतं. बारीक भोकासाठी तेलाचा दाब ऐंशी बारपर्यंत ठेवतो, कारच्या टायरमधल्या हवेच्या तीस-पस्तीस पट. तेल कीस ढकलत बाहेरच्या खाचेतून परत येतं, त्यामुळं ड्रिल बाहेर काढायची गरजच राहत नाही. एका फेऱ्याला ते पाच-सात मायक्रॉनच पुढं जातं, केसाच्या जाडीचा दहावा भाग. आणि स्वतःच पाडलेल्या भोकाच्या भिंतीला टेकून चालतं म्हणून सरळ जातं. विचार केला तर बोअरची गाडीच ही. तिथं हवा, इथं तेल.

आपल्या डॉक्टर मित्रानं काल रात्री विचारलं, "मग इंजेक्शनच्या सुईचं भोकही तूच पाडतोस का?" नाही. सुईला भोक पाडत नाहीत. स्टीलच्या पातळ पट्टीची नळी वळवतात, जोडतात आणि ती ओढून ओढून बारीक करतात. पण मोडलेल्या हाडात बसवतात ते काही स्क्रू मधून पोकळ असतात. डॉक्टर आधी हाडात तार घालतात आणि तिच्यावरून स्क्रू सरकवतात. ते भोक मात्र पाडलेलं असतं. ते वाकडं गेलं तर स्क्रूची भिंत एका बाजूला पातळ होते आणि कोणाच्या तरी मांडीत मोडते. आत कोण पाहतंय, असं म्हणायची सोय आमच्या धंद्यात नाही.

माझ्या शेडमधल्या नऊपैकी चार मुलं आपल्या मेहकर तालुक्यातली आहेत. नवा मुलगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी ही पायरीची गोष्ट सांगतो आणि एक नियम सांगतो. ड्रिल तुटलं तर पगार कापणार नाही. तुटलं म्हणून सांगितलं नाही, तर घरी पाठवीन. ड्रिल रोज तुटतात. लपवलेली गोष्ट अजून तरी एकाच मुलाकडून झाली, आणि त्याला घरी पाठवणं मला जमलं नाही. मला कोणी पाठवलं नव्हतं. काका निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी गेले. त्यांच्या हातची धार लावायची पद्धत मात्र शेडमध्ये रोज चालते.

आता दोन कामाच्या गोष्टी. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. शाळेला एक बेंच ड्रिलिंग मशीन आणि डोळ्यांना लावायचे वीस चष्मे देतो आहे. मुलांना लोखंडाला, पितळेला आणि स्टेनलेसला एकेक भोक पाडू द्या. तीन धातूंचा स्वभाव तेवढ्यात कळतो. आणि आयटीआय झालेल्या दोन मुला-मुलींना दरवर्षी माझ्याकडं शिकायला घेईन. समृद्धीमुळं आता मेहकर ते संभाजीनगर अंतर फार राहिलेलं नाही. आईबापांनी येऊन शेड पाहून जावं.

दुसरी गोष्ट त्या बोअरची. वडील आता नाहीत. बोअर मात्र अजून वावरात आहे. कितीतरी वर्षं तिच्या तोंडावर नुसता दगड ठेवलेला होता. मागच्या उन्हाळ्यात तिथं पुतणीला खेळताना पाहिलं आणि अंगावर काटा आला. परत जाऊन त्या केसिंगच्या मापाचं बोल्ट लावायचं झाकण बनवलं आणि बसवलं. कोरड्या पडलेल्या अशा उघड्या बोअर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वावरात असतील. केसिंगचा बाहेरचा व्यास नीट मोजून मला पाठवा. झाकण मी करून देतो, पैसे नकोत. फक्त माप एकदा नाही, दोनदा घ्या.